एकेकटे नव्हे, तिघे मिळून

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील हॉलिवूडच्या जुन्या मारधाडपटांवरील लेखात सत्तरच्या दशकातील कृष्णवर्णीय नायकांची ओळख एकेकट्याने करून दिली आहे. ते एकत्र आले त्या चित्रपटांचा उल्लेख मात्र राहून गेला. १९७४ सालच्या 'थ्री द हार्ड वे'मध्ये जिम ब्राउन आणि फ्रेड विल्यमसन हे अमेरिकन फुटबॉलचे मैदान गाजवून आलेले दोघे, आणि आपल्याकडे ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'मुळे माहीत असलेला कराटेपटू जिम केली, असे तिघे होते. गाडीत अमली पदार्थ लपवून केलीला अडकवू पाहणाऱ्या पोलिसांना तो एकटाच ज्या सफाईने लोळवतो, त्यावर शिट्ट्या न पडत्या तरच नवल!

केवळ कृष्णवर्णीयांचाच बळी घेणारे विष तीन शहरांच्या पाण्यात मिसळण्याचा कट, हे कथानक आज अतर्क्य वाटेल. पण सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी अभ्यासाच्या नावाखाली ४० वर्षे योग्य उपचारांविना ठेवल्याचे टस्कीगी प्रकरण १९७२ मध्येच उघडकीस आले होते, हे ध्यानात घेतल्यास तेव्हाच्या प्रेक्षकाला ते तितकेसे अतर्क्य वाटले नसावे.

हे त्रिकूट १९७५ मध्ये एका वेस्टर्नपटात, तर १९८२ मध्ये खुद्द विल्यमसनच्या दिग्दर्शनाखाली रिचर्ड राउंडट्रीसह पुन्हा जमले. पुरवणीत या चित्रपटांवर स्वतंत्र लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा