तुलना कशाशी, हे आधी पाहा

परदेशी मदतीवरचा प्रकल्प यशस्वी, असे मूल्यमापन अहवाल सांगतो आणि आपण टक्केवारी वाचून पुढे जातो. ती टक्केवारी ताडली कशाशी, हा प्रश्न राहूनच जातो. आफ्रिकेतील दहा देशांतल्या गरीब गावांत शेती, आरोग्य, शिक्षण यांवर एकत्रित काम करणाऱ्या ‘मिलेनियम व्हिलेजेस’ प्रकल्पाचे घ्या. मे २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील लेखात दावा आला की, प्रकल्पगावांतील बालमृत्युदर देशपातळीपेक्षा तिप्पट वेगाने घटतो आहे. पण देशाचा वेग काढताना जुनी वर्षे धरली होती. अलीकडची घट कितीतरी जलद होती. काही आठवड्यांतच लेखकांना तो दावा मागे घ्यावा लागला. त्याआधी केनियातील सौरी गावात मोबाइल वाढले, हेही प्रकल्पाच्या यशात धरले गेले. मोबाइल तेव्हा साऱ्या केनियातच वाढत होते!

म्हणून अहवालाचा दर्जा जोखताना सारांश बाजूला ठेवावा, थेट परिशिष्टे उघडावीत. तुलनेची (प्रकल्प नसलेली) गावे कधी निवडली? मागाहून निवडली असतील, तर तिथली सुरुवातीची पाहणीच नसते, मग फरक कशातून काढणार? पाहणीच्या पहिल्या फेरीतली किती कुटुंबे शेवटच्या फेरीत सापडली? स्थलांतरित गळाले, तर उरतात बहुधा स्थिरस्थावर घरे आणि चित्र आपोआप उजळते. प्रश्नावली जोडली आहे का? ‘ओईसीडी’ (आर्थिक सहकार्य व विकास संघटना) या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचे मूल्यमापनाचे सहा निकष शीर्षकांपुरते पाळलेले अहवाल पुष्कळ असतात, त्याने पुराव्याला बळ येत नाही.

– एक वाचक, पुणे