विसावा नट

काका,

समोर येऊन आभार मानले असते तर "बरं बरं, तो पाना दे इकडे" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

मोटारसायकल दोन वर्षं अर्ध्या टाकीवर उभी होती. चालू व्हायची आणि दोन मिनिटांत घुटमळून बंद पडायची. मी तीनदा कार्बोरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, साफ केला, वर त्यालाच शिव्या घातल्या. तुम्ही कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या फ्लोटच्या वाटीतला तपकिरी गाळ चिमटीत चोळलात आणि काही न बोलता टाकीकडे बोट दाखवलंत. टाकी अर्धी रिकामी असली की आतल्या दमट हवेचं गारठ्यात पाणी होतं, ते पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि गंज तिथूनच धरतो, हे मला त्या दिवशी कळलं.

टाकी काढणं सोपं निघालं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून पाइप काढला, पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं, सीटखालचा बोल्ट काढून टाकी मागे ओढत उचलली. पेट्रोलच्या काट्याची वायर तोडलीच असती, तुम्ही हात धरलात. मग रिकाम्या टाकीत काय पेटणार, असं म्हणून मी आत बघायला लायटर काढला. एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्यावर तेव्हा पहिल्यांदा ओरडलात. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. त्या ओरडण्याचे आभार वेगळे.

साबणाच्या पाण्याने धुतल्यावर गंज खरवडायला आत थोडं पाणी आणि नट घालायला दिलेत, "मोजून टाक" असं बजावून. टाकले २०. खांदे भरून येईपर्यंत टाकी हलवली, बाहेर आले १९! शोधायचा कंटाळा करून मी उरलेला गंज विरघळवायला तसंच व्हिनेगर भरलं. २४ तासांनी ओतलं, धुतलं आणि टाकी ओलीच ठेवून झोपलो. सकाळी आत पुन्हा नारिंगी.

तुम्ही हसलात फक्त. नुकतं उघडं पडलेलं लोखंड ओलं राहिलं की काही तासांत गंजतं म्हणे. पुन्हा व्हिनेगर, मग आंबटपणा मारायला सोड्याचं पाणी, मग साधं. पेट्रोलचा वास उरला नाही ना, हे तुम्ही स्वतः हुंगून पाहिलंत आणि मगच हेअर ड्रायर लावू दिलात. टाकी कोरडी ठणठणीत झाल्यावर थोडं ऑइल आतून सगळीकडे फिरवलं. कॉकची जाळी नवी, पाइपात फिल्टर. तीन आठवडे झाले, फिल्टर अजून स्वच्छ आहे. आणि हो, गाडी उभी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरून, हे आता पाठ झालंय.

तुमचे नट डब्यात घालून परत ठेवलेत. पूर्ण २०, मोजून घ्या. विसावा दुसऱ्या धुण्यात सापडला. व्हिनेगरात त्याचा जस्ताचा मुलामा गेलाय, तेवढा तो काळपट दिसेल.