घर विकायचे आहे, पाडायला नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

'समुद्रालगत जागा, जुन्या घरासह' अशा जाहिराती हल्ली सतत दिसतात. तशीच एक जाहिरात आमचीही आहे, म्हणून हे पत्र.

मुरुडला (ता. दापोली) आमच्या पणजोबांनी बांधलेले चिऱ्याचे घर आहे. पुढे पडवी आणि ओटी, मधे माजघर, मागे विहीर व आगर. सहहिस्सेदार सात आणि राहणारे आम्ही दोघेच, तेही सत्तरीतले. विकायचे सर्वांनी मिळून ठरवले; त्याबद्दल कोणावर राग नाही.

वाईट वाटते ते घर बघायला येणाऱ्यांच्या वागण्याचे. वर्षभरात बरेच जण आले. गाडीतून उतरले की आधी सातबारा आणि नकाशा मागतात. ओटीवर टेकायलाही कोणी तयार नसते. एक मध्यस्थ म्हणाला, "काका, घर तुम्हीच उतरवून द्या, मोकळ्या जागेला भाव बरा येईल." आणखी एक जण आला तो नुसते फणसाचे खांब आणि दाराची चौकट मागायला.

घर पडीक असते तर मी गप्प बसलो असतो. पण दर मे महिन्याची शाकारणी, म्हणजे कौले उतरवून छप्पर पुन्हा नीट घालणे, आम्ही एकदाही चुकवलेली नाही. खांब दगडी तळखड्यांवर उभे आहेत, त्यामुळे ओल वर चढत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात अर्धी कौले उडाली, आगरातल्या पोफळी आडव्या झाल्या, पण एक वासा जागचा हलला नाही. आजूबाजूला पत्रे चढले. आम्ही मात्र गावातल्या उतरवलेल्या घरांची कौले गोळा करून पुन्हा कौलेच घातली. त्यांतल्या काहींवर मंगळूरला कौलांचा कारखाना काढणाऱ्या बासेल मिशन या मिशनरी संस्थेचा शिक्का आणि १८६५ हा आकडा आहे. जागा बघायला आलेल्या एका कुटुंबातल्या लहान मुलीने तो वाचला आणि विचारले, "आजोबा, तुमचं घर १८६५ चं?" ते मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचे साल, असे मी तिला सांगितले. वर्षभरात कोणी घराविषयी विचारलेला तो एकच प्रश्न.

सरकारी मूल्यांकनातही बांधकामाचे वय वाढेल तसा घसारा धरतात. शंभर वर्षे राखलेले घर तिथे जवळपास मातीमोल.

आपल्या जाहिरात विभागाला विनंती आहे की 'राहती जुनी घरे' असा वेगळा रकाना सुरू करावा. लाकूड कुठले, छप्पर कसले, शेवटची शाकारणी कधी झाली, मे महिन्यात विहिरीला पाणी किती, हे त्यात छापावे. शहरातून परतू पाहणारे, न्याहारी-निवास चालवणारे असे घर शोधत असतात. आमची जाहिरात 'जागा' म्हणून छापली जाते आणि त्यांच्या नजरेतून सुटते. घर उभे ठेवणाऱ्याला दोन पैसे कमी घेऊन द्यायला आम्ही सातही जण तयार आहोत.

अक्षय्य तृतीयेनंतर यंदाही शाकारणी काढणार आहोत. खरेच घर बघायचे असेल त्यांनी तेव्हा यावे. कौले उतरली की आढ्यापासून सगळे लाकूड उघडे दिसते.

– एक वाचक, मुरुड (ता. दापोली, जि. रत्नागिरी)