धूर हँडलमधून निघाला

ठाणे, ९ जुलै

प्रिय बंड्या,

तुझं पत्र पोचलं. आंब्याचे क्रेट वाहायला बॅटरीची गाडी करतोयस, फार बरं वाटलं. वायरिंगचा नकाशा मागितलास, तो सोबत ठेवलाय. पण नुसत्या नकाशाच्या भरवशावर राहू नकोस. माझाही नकाशा बरोबरच होता, तरी दाजींच्या नर्सरीत भर गिऱ्हाइकांसमोर गाडीतून धूर निघाला. मोटरमधून नाही, बॅटरीतून नाही, चक्क हँडलमधून!

गाडी म्हणजे ओवळ्याच्या नर्सरीतली जुनी मालवाहू तीनचाकी सायकल. कुंड्या आणि मातीची पोती ओढून दाजींची कंबर गेली होती. मागच्या दोन्ही चाकांत ५०० वॅटच्या हब मोटरी (चाकाच्या तुंब्यातच बसणाऱ्या) घातल्या, प्रत्येकीला किती करंट द्यायचा ते ठरवणारा २५ अँपिअरचा वेगळा कंट्रोलर. बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटची, १६ सेल, ५० एएच (अँपिअर-तास). फुल चार्ज झाली की ५८.४ व्होल्ट. कुंपणाबाहेर मात्र काढत नाही. मोटर २५० वॅटच्या वर गेली की कायद्याने ते मोटार वाहन ठरतं, मग नोंदणी आली, पासिंग आलं. तुझी बाग तुझी आहे, पण पुढचा डांबरी रस्ता तुझा नाही, एवढं ध्यानात ठेव.

पहिल्या दिवशीची फजिती ऐक. अॅक्सिलरेटर पिळला आणि गाडी जागच्या जागी गरागरा फिरली, दाजी कर्दळीच्या वाफ्यात. दोन्ही मोटरींच्या वायरी आतल्या बाजूला येतात, म्हणजे एक मोटर आरशातल्यासारखी उलटी बसते, हे डोक्यातच आलं नव्हतं. कंट्रोलरला लर्निंगची, म्हणजे मोटरची दिशा शिकवायची, पांढरी जोडवायर असते. चाक उचलून ती जोडायची, चाक उलटं फिरलं तर सोडून परत जोडायची. पाच मिनिटांचं काम. ताई अजून हसते.

आता धुराचं. अॅक्सिलरेटरला तीन वायरी असतात. लाल ५ व्होल्टची, काळी निगेटिव्ह, हिरवी सिग्नलची. हँडल एक आणि कंट्रोलर दोन, म्हणून लाल फक्त पहिल्या कंट्रोलरची घेतली, आणि हिरवी व काळी हँडलपाशीच फोडून दोघांनाही दिली. सगळे असंच करतात, मीही केलं. महिनाभर गाडी झकास चालली. मग दगडगोट्यांच्या धक्क्यांनी दुसऱ्या कंट्रोलरच्या जाड निगेटिव्हच्या टोकाचं धातूचं थिंबल ढिलं झालं. (ते मी पकडीने दाबलं होतं. तुला माहीतच आहे, आयटीआयमध्ये सर यावरूनच शिव्या घालायचे.) जाड वाट बंद झाली म्हणून करंट थोडाच थांबतो! त्याने दुसरी वाट धरली: दुसऱ्या कंट्रोलरच्या बारीक काळ्या वायरीतून वर हँडलपर्यंत, तिथून पहिल्या कंट्रोलरच्या काळ्या वायरीत, आणि मग बॅटरीत. मिलिअँपिअरसाठी असलेल्या केसाएवढ्या वायरीतून वीस-बावीस अँपिअर!

यात मजा अशी की फ्यूज उडाला नाही. का उडेल? दुसऱ्या कंट्रोलरचा फ्यूज ३० अँपिअरचा, त्यातून जाणारा करंट नेहमीचाच. त्याच्या लेखी सगळं सुरळीत होतं. गाडीही चालतच होती, म्हणून वास येईपर्यंत कुणाला कळलं नाही. ताईने धावत येऊन किल्ली बंद केली. पहिल्या कंट्रोलरची काळी वायर आधी तुटली असती तर जास्त वाईट झालं असतं, कारण अॅक्सिलरेटरचा निगेटिव्ह गेला की सिग्नल थेट ५ व्होल्टकडे चढतो. काही कंट्रोलर अशा वेळी बंद पडतात. सगळेच पडतील यावर मी दाजींचे पाय पणाला लावणार नाही.

म्हणून तुझ्या नकाशात बघ, दुसऱ्या कंट्रोलरला अॅक्सिलरेटरची काळी वायर जोडलेलीच नाही. विसरलेली नाही, मुद्दाम सोडली आहे. दोघांचे जाड निगेटिव्ह एकाच पितळी पट्टीवर घट्ट आवळले की सिग्नलला तेवढं पुरतं. हिरव्या वायरीत दुसऱ्या कंट्रोलरच्या बाजूला १ किलो-ओहमचा रेझिस्टर टाक, म्हणजे उद्या निगेटिव्ह सुटला तरी तिथून मोठा करंट जाऊ शकणार नाही. ब्रेकच्या कट-ऑफलाही (ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा स्विच) हाच नियम, दोन कंट्रोलरच्या बारीक काळ्या वायरी एकत्र करायच्या नाहीत. मी एका लिव्हरवर दोन वेगळे स्विच बसवले.

बाकीचं पटकन सांगतो. बीएमएस, म्हणजे बॅटरी राखणारं सर्किट, त्याच्या पी मायनसवरूनच (बाहेरच्या निगेटिव्हवरून) सगळं घे, बी मायनसवरून (सेलच्या थेट निगेटिव्हवरून) दिव्याची वायरसुद्धा नको, नाहीतर बीएमएसला न जुमानता बॅटरी पार निथळून जाईल. मेन फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला खेटून, आणि डीसीचाच. घरातला एमसीबी लावू नकोस. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीची ठिणगी तशीच जळत राहते. मेन प्लग जोडताना जो फाट् आवाज येतो तो कंट्रोलरमधले कपॅसिटर एकदम भरल्याचा. आधी १०० ओहमच्या रेझिस्टरमधून दोन-तीन सेकंद भरू दे, मग मेन जोड. पान्याला दांड्यापर्यंत टेप गुंडाळ आणि अंगठी काढून ठेव. वहिनी विचारतील, तर माझं नाव सांग.

तुमच्याकडे खारा वारा, म्हणून थिंबलं कल्हई केलेलीच घे, आणि वायर कंट्रोलरमध्ये शिरण्याआधी खाली झोल देऊन वर ने, पाणी झोलावरून टपकून जातं.

थिंबल दाबायचं क्रिम्पिंगचं मशीन मात्र विकत घेऊ नकोस, माझं गणपतीत घेऊन येतो. तोवर एक काम कर. बागेतला सगळ्यात उभा चढ किती लांब आणि किती उंच, ते दोरी लावून मोजून कळव. आणि गाडीत एका वेळी किती क्रेट भरणार, तेही खरं सांग. दाजी मला पाच पोती म्हणाले होते, आणि नऊ भरतात.

तुझा,
जाड्या