तीन महिन्यांचे पैसे भरले आहेत

पुणे, २३ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर बाबा "बरं, आईला देतो" म्हणून सुटतात आणि आईचं गॅसवर काहीतरी असतंच. म्हणून पत्र. चष्मा शोधा, दोघं एका जागी बसा. आईने मोठ्याने वाचावं, बाबांनी मध्ये बोलू नये.

आधी मुद्द्याचं. नागपुरात आपल्या लक्ष्मीनगरला त्या फिजिओथेरपिस्ट बाईंचा ज्येष्ठांसाठी क्लास आहे ना, त्याचे तुम्हा दोघांचे तीन महिन्यांचे पैसे मी काल भरले. माणशी महिन्याला २,४००, म्हणजे १४,४००. बाबांनी मनातल्या मनात गुणाकार करून झाला असेल, बरोबर आहे तो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेनऊ ते साडेदहा. १ डिसेंबरपासून.

"आधी विचारलं काऊन नाही?" असं आई म्हणेल. विचारलं असतं तर "थंडी जाऊ दे, मग पाहू" झालं असतं. थंडी गेल्यावर "आता ऊन तापून राहिलं" झालं असतं. आईच्या गुडघ्याचा एक्सरे असाच दोन वर्षं पाहू-पाहूत काढला आपण.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून मी तुम्हाला उठबशा काढायला लावल्या, तो पोरखेळ नव्हता. ३० सेकंद, हात छातीवर, उठायचं आणि बसायचं. बाबांच्या नऊ झाल्या आणि दहावीला ते अर्ध्यात असताना मी वेळ संपली म्हटलं. "अर्धी धर," बाबा म्हणाले. मी धरली नाही. इथे येऊन नियम नीट वाचला तर बाबांचंच खरं निघालं: वेळ संपताना माणूस अर्ध्याच्या वर उठलेला असेल तर ती पूर्ण धरतात. तेव्हा दहा. पण बाबा, त्याच नियमात असंही आहे की उठताना हाताचा आधार घेतला तर सगळेच शून्य, आणि सातव्या वेळी तुमचा डावा हात टेबलाकडे गेला होता. तो मला दिसला नाही असं समजू. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा तक्ता आहे, त्यात ७० ते ७४ वयाच्या पुरुषाच्या १२ पेक्षा कमी झाल्या तर पडण्याची भीती जास्त धरतात. बाईच्या १० पेक्षा कमी. आईच्या आठ झाल्या, पदर खोचून, हसत हसत.

पण खरं सांगू का, मला काळजी वाटली ती आकड्यांनी नाही. बाथरूमकडे जायच्या बोळात भिंतीवर एक मळकट पट्टा पडलाय, बाबांच्या हाताच्या बरोबर उंचीवर. रंग देऊन दीडच वर्ष झालंय. आणि गच्चीच्या दाराचं कुलूप गंजून बसलंय, किल्ली फिरतच नाही. आई, तू वर्षभरात गच्चीवर गेली नाहीस ना? यंदाच्या कुरड्या विकतच्या होत्या हे मला पहिल्याच घासाला कळलं होतं. मी बोलले नाही.

आता त्या दुसऱ्या, मधुमेह घालवायच्या पॅकेजबद्दल. बाबा, रागावू नका. आगाऊ भरलेल्या पाच हजारांची पावती माझ्यापर्यंत कशी पोचली ते विचारू नका, खिशातले कागद न काढता शर्ट धुवायला टाकायची सवय तुमची. तुम्ही फसलात असं मी म्हणत नाही. हॉटेलात बोलावून फुकट साखर तपासली, नाश्ता दिला, वरच्या मजल्यावरच्या काकांनी तिथेच चेक फाडला, आणि सगळे टाळ्या वाजवत असताना "घरी विचारून सांगतो" म्हणायला जीभ उचलत नाही. माझीही उचलली नसती. जन्मभर एजी, म्हणजे महालेखापालांच्या, ऑफिसात लोकांची व्हाउचरं तपासली, त्या माणसाला स्वतःच्या सहीचा एवढा राग यावा हे मला समजतं. पण म्हणून तुम्ही पंधरा दिवस आईशी नीट बोलत नाही, ते काही बरोबर नाही.

त्या पॅकेजमध्ये खटकलं ते मी तुमच्याच पद्धतीने सांगते. वर्षाचे ६५,००० एकदम, परतावा नाही. ९० दिवसांत गोळ्या बंद. भात-पोळी बंद, दोन्ही वेळा त्यांचीच पावडर. सुरुवातीचा मधुमेह असेल, वजन जास्त असेल, तर वजन उतरवून डॉक्टरांच्या देखरेखीखाली काहींच्या गोळ्या कमी होतात, हे खरं आहे. पण बाबा, तुमची साखर २२ वर्षांची, आणि तुमच्या अंगावर उतरवायला आहे काय? या वयात खाणं तोडून वजन उतरलं की चरबीबरोबर मांसही जातं, आणि तेच आपल्याला पायात हवंय. शिवाय पंधरा दिवसांत एचबीएवनसी खाली आणून दाखवतो म्हणाले म्हणे. ती तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, पंधरा दिवसांत ती किती हलणार? हे तुमच्या ऑफिसात कोणी लिहून आणलं असतं तर तुम्ही लाल शाईने गोल काढला असता.

पाच हजारांसाठी मी ईमेल केलाय. तुम्ही तुमच्या हातचं एक पत्र लिहा, पावतीचा नंबर, तारीख, काय तोंडी सांगितलं आणि काय छापलंय. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आले तर आले. नाही आले तर इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीबरोबर गेले म्हणायचं आणि विषय सोडायचा. मूल गावच्या त्या प्लॉटात गेले त्यापेक्षा तर कमीच आहेत!

आता म्हणाल, मग हाही पैसे देऊनच ना? रामनगरला जनार्दनस्वामी मंडळात योग फुकट शिकवतात, अंबाझरीला फिरायला पैसे पडत नाहीत. दोन्ही खरं. तुम्ही मंडळात जात होता तेव्हाची तुमची पाठ मला आठवते, काठीसारखी ताठ. पण आईला आता सतरंजीवर बसून उठवत नाही, आणि नुसत्या फिरण्याने दम वाढतो, तोल वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे सांगितलंय त्यात ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल आहेच, पण शिवाय स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम दोन दिवस आणि तोल सांभाळायचा तीन दिवस, असं वेगळं म्हटलंय. ही नंतरची दोन्ही आपली कुठेच होत नव्हती. सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, कार्ड क्लासला चालत नाही, तेही विचारून झालं.

मी दिवाळीत बाजारात जाते म्हणून गेले ती तिथेच गेले होते. (आई, म्हणून सांबार, इथली कोथिंबीर, आणायचा राहिला.) दहा-बारा माणसं, सगळी तुमच्याच वयाची. एक आजोबा रबरी पट्टा पायाला अडकवून खुर्चीत बसल्या बसल्या पाय ताणत होते. एक आजी भिंतीजवळ एका पावलापुढे दुसरं पाऊल टेकवून उभी होती, जमिनीवर रेघ आखल्यासारखी, आणि बाई मागे हात धरून, म्हणजे न धरता, धरायच्या तयारीत. पावडर नाही, गोळी नाही, टाळ्या नाहीत. पहिल्या दिवशी त्या तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागतात, ती नसेल तर घेत नाहीत. मला हेच आवडलं.

तुमचं रोजचं काही बिघडणार नाही, हे मी पाहिलंय. तळमजला आहे, एकच पायरी, तिला कठडा. बाथरूम आतच, कमोडचं, कोरडं. जमिनीवर बसायचं नाही. आई, साडीतल्या दोघी होत्या, पंजाबी ड्रेसच घालावा असं काही नाही. खिडक्या पूर्वेला, डिसेंबरात ऊन येईल. बाबांचा हितवाद सकाळी वाचून होतो, आईची पूजा होते, दुसरा चहा झाला की निघायचं. अकराला घरी. दुपारची झोप तिथेच, मालिका तिथेच. कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्या दादांशी बोलले, ते नेऊन आणतील, महिन्याचे पैसे मी त्यांना परस्पर देते. त्यांना वर चिल्लर देऊ नका. खाण्यात काडीचा बदल नाही. पाटवडी करा, सांबारवडी करा, फक्त बाबांना तिसरी देऊ नको.

आता जे इतका वेळ लिहायचं टाळत होते ते. मी डिसेंबरात येत नाहीये.

दोन महिने लॅपटॉप घेऊन येते, तिथूनच काम करते, असं मीच म्हटलं होतं, दोनदा म्हटलं होतं. आईने वरची खोली झाडून घेतली हेही कळलं. पण चिरंजीवांची दहावी आहे, फेब्रुवारीत परीक्षा, आणि घटक चाचणीत गणितात जे झालंय ते तुम्हाला सांगून तुमचं बीपी वाढवत नाही. परीक्षा संपली की मार्चमध्ये त्याला घेऊनच येते. तिकिटं काढली की नंबर पाठवते, म्हणजे तुमचा विश्वास बसेल.

मला माहीत आहे, हे कसं दिसतं. पोरगी येत नाही, पैसे पाठवते. आई असं बोलणार नाही, बाबाही नाही, त्यामुळे मीच बोलते. आणि ते थोडं तसंच आहे. मी तिथे असते तर सकाळी तुमच्याबरोबर फिरले असते, बोळात दिवा लावून दिला असता. ते क्लासवाल्या बाई करणार नाहीत. पण मी तिथे असते तरी आईला एका पायावर कसं उभं करायचं ते मला आलं नसतं. आणि तुम्ही माझं ऐकलंही नसतं.

पोहण्याचा क्लास आठवतो? चौथीची उन्हाळ्याची सुट्टी. पहिले तीन दिवस मी काठाची नळी सोडली नाही आणि घरी येऊन भोकाड पसरलं. आई बाहेर कडुलिंबाखाली उभी असायची, डोक्याला ओढणी गुंडाळून, पर्समध्ये कांदा. तो कांदा घरी आल्यावर भाजीत जायचा. चौथ्या दिवशी मी जात नाही म्हणाले तेव्हा बाबा म्हणाले, "पैसे भरलेत. दहा दिवस जा. दहाव्या दिवशी नको म्हटलंस तर मी तोंडातून शब्द काढणार नाही." दहाव्या दिवशी तुम्ही ऑफिसातून अर्धी रजा टाकून आला होता. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि वर पाहिलं तर तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर उभे, बुडाली तर उडी मारायच्या बेतात. बाबा, तुम्हाला स्वतःला पोहता येत नव्हतं!

तर तोच करार. दहा दिवस जा. अकराव्या दिवशी नको म्हणालात तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. उरलेले पैसे परत मिळतात, लेखी घेतलंय, बाबांना फोटो पाठवलाय.

आता नीट ऐका. चिडू नका.

बाबा, गोळी अर्धी करायची नाही. डब्यात चांदीच्या कागदात गुंडाळलेले तुकडे मला सापडले, आईला मी सांगितलं नव्हतं, आता कळलं. कमी करायची असेल तर डॉक्टर करतील, हॉटेलातला माणूस नाही. आणि तुमची ग्लायमेपिराइड आहे, ती घेऊन रिकाम्या पोटी व्यायाम करायचा नाही, साखर एकदम खाली जाते. नाश्ता करूनच निघायचं. घाम फुटला, हात थरथरले, घाबरल्यासारखं झालं तर तिथेच थांबून बाईंना सांगायचं. खिशात चार चमचे साखरेची पुडी ठेवा. शर्ट धुवायला टाकताना ती काढा.

आई, चपला घालून जायचं नाही. बूट येताहेत, सहा नंबर, चिकटपट्टीचे, नाडी बांधायला वाकावं लागणार नाही. "म्हातारपणी काय हे" म्हणून खोक्यातच ठेवशील तर मी मावशींना सांगून चपला लपवीन. डॉक्टरांकडे गुरुवारीच जा, दोघांचं बीपी आणि चिठ्ठी एकदाच होईल. बोळातली पायपुसणी उचल, ती घसरते. तिथे रात्रभर छोटा दिवा ठेवा, बिलाचं मी बघते. हिवाळी अधिवेशन सुरू झालं की बर्डीच्या बाजाराकडे मुळीच जाऊ नका, काही आणायचं असेल तर मला सांगा, घरपोच मागवते.

दादाला अजून सांगितलेलं नाही, तो लगेच अर्धे पैसे पाठवील आणि मग मला त्याचं ऐकावं लागेल. तुम्ही बोलू नका.

१ तारखेला सव्वाअकराला फोन करते, तोवर ऑटो घरी पोचलेला असेल. उठबशांचा आकडा लिहून ठेवा, दोघांचाही. बाबा, अर्धी असेल तर अर्धीही लिहा.

तुमची,
ठमी

ता.क. गच्चीच्या कुलपात दोन थेंब खोबरेल सोडून ठेवा. मार्चमध्ये कुरड्या घालायच्या आहेत, चीक मी घोटीन, आईने फक्त खुर्चीत बसून रागवायचं.