बर्फाखालच्या सरोवरांकडेही लक्ष हवे

संपादक महोदय,

ध्रुवीय तापमानवाढीची चर्चा हिमनग, पेंग्विन आणि समुद्रपातळी यांपुढे सहसा जात नाही. तिथल्या सरोवरांतील सूक्ष्मजीव दुर्लक्षितच राहतात, याची खंत वाटते. अंटार्क्टिकातील मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज या कोरड्या खोऱ्यांमधील होअर सरोवरावर बारमाही काही मीटर जाड बर्फ असतो. त्यातून पोहोचणाऱ्या अत्यल्प प्रकाशावर तळाशी सायनोबॅक्टेरियांचे (प्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या जीवाणूंचे) गालिचे वाढतात आणि त्यांवर वर्षागणिक एकेक पातळ पदर चढतो. तिथे मासे नाहीत. अन्नसाखळी जवळजवळ सर्वस्वी सूक्ष्मजीवांचीच आहे. २००१-०२ च्या उबदार उन्हाळ्यात हिमनद्या वितळून इतके पाणी आले की या खोऱ्यांतील सरोवरांची पातळी वाढली. असे पाणी गाळही आणते आणि गढूळपणामुळे तळाशी पोहोचणारा प्रकाश घटतो; म्हणजे पाणी वाढल्याने जीवन बहरतेच असे नाही, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

भारताचे अंटार्क्टिकातील मैत्री संशोधन केंद्रही प्रियदर्शिनी सरोवराकाठीच उभे असून त्याचेच पाणी वापरते. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने अशा सरोवरांविषयीचे संशोधन सामान्य वाचकांसाठी मराठीतूनही मांडावे आणि आपण त्याला जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पणजी