एक मगभर मीठ

मिनीॲपोलिस (अमेरिका),
११ फेब्रुवारी

प्रिय दिनू,

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या हातात बर्फावर टाकायच्या मिठाची पिशवी बघून वहिनी केवढ्या हसल्या! "अहो भावोजी, मीठ रस्त्यावर टाकता? मेल्यावर पापण्यांनी वेचायला लागेल!" तेवढ्यात तुमच्याकडची लाइट गेली आणि उत्तर राहून गेलं. आता लिहूनच देतो. मी हा विषय काढला की माझ्या घरचे जागेवरून उठतात, तुला तशी सोय नाही.

आधी माझा गाढवपणा ऐक. हे घर घेतलं त्या पहिल्याच जानेवारीत रात्रभर बर्फ पडला. इथे नियम असा, की बर्फ थांबल्यापासून २४ तासांच्या आत घरासमोरचा फुटपाथ घरवाल्यानं मोकळा करायचा. चालणार सगळं गाव, कंबर मात्र आपली. मी म्हटलं, बघू संध्याकाळी. तोवर पोस्टमन, शाळेची पोरं, कुत्री फिरवणारे सगळे तुडवून गेले आणि त्या बर्फाची काच झाली. मग दुकानातून चाळीस पौंडांची, म्हणजे अठरा किलोची मिठाची गोणी आणली आणि शेतात खत फेकावं तशी मूठमूठ उधळली. बाहेर उणे वीस. चहा घेऊन तासभर खिडकीशी उभा राहिलो. काही नाही! खडे जसेच्या तसे, फरशीवर साबुदाणा सांडल्यासारखे.

समोरच्या आजीबाई हे सगळं बघत होत्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, पण फावडं माझ्यापेक्षा जोरात चालतं. त्या रस्ता ओलांडून आल्या, गोणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घरातून कॉफीचा एक जुना मग आणून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, हे माप. अख्ख्या ड्राइव्हवेला एवढंच.

मी इंजिनिअर आणि मला हे कळू नये! मे महिन्यात तुमच्या पडवीत आइस्क्रीमचा पॉट फिरवायचो ते आठव. बर्फात खडेमीठ घातलं की बर्फ पाणी व्हायचा, तरी ते पाणी बर्फाहून गार. मीठ ऊब देत नाही, पाण्याचा गोठणबिंदू खाली ओढतं, बस. त्यालाही सुरुवातीला थोडा ओलावा लागतो. जमीन उणे नऊच्या खाली गेली की साधं मीठ जवळजवळ ठप्प. तेव्हा घसरू नये म्हणून वाळू टाकायची, नाहीतर कॅल्शियम क्लोराइड, ते जास्त थंडीत चालतं. मिठासारखं क्लोराइड त्यातही असतंच, आणि पाणी खराब करतं ते तेच, म्हणजे तेही जपूनच. आणि मीठ चालतं तेव्हाही त्याचं काम एवढंच, की जमिनीवरची बर्फाची पकड सुटावी. उरलेलं खरवडून काढायचं.

आता मीठ जातं कुठे ते सांगतो. कारण हे तुला माझ्याआधी कळेल.

मिनीॲपोलिस-सेंट पॉलच्या परिसरात वर्षाला साडेतीन लाख टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर आणि पार्किंगमध्ये पडतं. मिनेसोटा विद्यापीठानं हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की त्यातलं सुमारे ७० टक्के वाहून जातच नाही. इथल्याच मातीत, तळ्यांत, भूजलात मुरतं. एक चमचा मीठ एकोणीस लिटर पाणी खराब करायला पुरतं, आणि एकदा विरघळलेलं क्लोराइड काढायचं तर समुद्राचं पाणी गोड करतात तसली यंत्रं लागतात. आमच्या जवळच्या पावडरहॉर्न तळ्यात आणि मिनेहाहा ओढ्यात ते मर्यादेबाहेर गेलंय. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं. वसंतात तळ्याचं वरचं पाणी खाली, खालचं वर व्हायला हवं, म्हणजे खाली प्राणवायू पोचतो. ते ढवळणंच अडतं.

तुमच्या बाहेरकाठ्याला, खाडीकडच्या त्या बांधाला, खांड पडली होती ते वर्ष आठवतं? खाडी शेतात शिरली, आणि अण्णा बांधावर नुसते बसून होते. तुमच्याकडे निदान पावसाळा आहे. दोन-तीन पावसाळे धुऊन निघाले की खाचरात पुन्हा भात उभा राहतो, कारण शेजारी समुद्र आहे, मीठ परत घ्यायला. इथून समुद्र हजार मैलांवर. आणि इथे खाडी आत शिरत नाही रे, आम्हीच गोण्या फोडतो. मी गोणी उधळली त्या वर्षी मे महिन्यात माझ्या फुटपाथच्या कडेचं हातभर रुंद गवत जळून तपकिरी पडलं होतं. अण्णांनी एका नजरेत ओळखलं असतं.

आता माझी पद्धत. बर्फ पडत असतानाच एकदा बाहेर जातो, थांबल्यावर दुसऱ्यांदा. तुडवला जायच्या आत तो पिसासारखा हलका असतो. मार्चमधला ओला बर्फ मात्र पाठ मोडतो, त्याला अर्धंच फावडं. एक गंमत आजीबाईंनीच शिकवली. रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि ढीग उजवीकडे लावायचा. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणजे नगरपालिकेचा बर्फ ढकलणारा नांगर आपल्या डावीकडून येतो. डावीकडचा ढीग तो परत आपल्याच दारात आणून ओततो. (हे कळेपर्यंत मी दोन हिवाळे त्या ड्रायव्हरला मराठीत शिव्या दिल्या.) बर्फ रस्त्यावर लोटणं बेकायदा. कोपऱ्यावरचा उतार मोकळा ठेवायचा, पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ व्हीलचेअरवरून बसला जातात. मीठ शेवटी, पायऱ्यांवर आणि पन्हाळीचं पाणी गोठतं तिथे, खड्या-खड्यात दोन-तीन बोटांचं अंतर ठेवून.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये मात्र अजून मीठ कुरकुरत बुटांखाली येतं. कोणी घसरून पडलं तर दावा लावेल, ही भीती. ठेकेदाराला बोललो तर म्हणतो, पांढरं दिसलं नाही तर लोक फोन करतात. त्याचंही खोटं नाही. वाद घालून थकलो.

वहिनींना सांग, फुटपाथ कोरडा झाला की उरलेले खडे मी झाडूनं गोळा करून डब्यात भरतो, पुढच्या बर्फाला तेच. पापण्यांना जरा कमी काम.

बाहेरकाठ्याची दुरुस्ती झाली का? अण्णांच्या गुडघ्याचंही कळव.

तुझा,
विन्या